देवाच्या वाटणीचा दाणा

माझा भाऊ लँबर्ट राजाचा मंत्री होता. राजमुद्रा सांभाळायचा. मोठमोठे सरदार त्याच्या दारात टोप्या काढून उभे असायचे, आणि तरीही जेवताना मी त्याला "कोपर टेबलावरून काढ" म्हणून सांगत असे. सांगायला कुणीतरी हवंच ना. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. त्याला घास भरवला मी, नाक पुसलं मी, आणि दिलेला शब्द मोडायचा नाही हे वळणही मीच लावलं. त्या वेळी ते वळण चांगलं वाटलं होतं.

पुढे माझं लग्न झालं, नवरा गेला; दुसरं झालं, तोही गेला. लँबर्टची बायको बाळंतपणात गेली आणि बाळही गेलं. मग मी माझ्या दोन पेट्या घेऊन लंडनच्या वरच्या अंगाला, थेम्सच्या काठी, त्याच्या घरी राहायला आले. ग्रिझेल नावाची एक फटकळ स्वयंपाकीण आणि वीसेक नोकरमाणसं, असा आमचा संसार. बरा चालला होता.

मग राजेसाहेबांना पहिली राणी सोडून दुसरं लग्न करायचं झालं. रोमहून पोप नाही म्हणाला. तेव्हा राजेसाहेबांनी पोपलाच बाजूला सारलं आणि ह्या देशातल्या चर्चचे प्रमुख आपणच, असा कायदा करून घेतला. शपथेचा कागद निघाला आणि दारोदार फिरायला लागला. बिशपांनी सह्या केल्या, सरदारांनी केल्या, आमच्या गावच्या पाद्रीबाबांनी तर कागद वाचायच्या आधीच केली. लँबर्टने मात्र राजमुद्रा परत दिली, गुडघे फार दुखतात असं सांगितलं, आणि घरी येऊन पेअरची झाडं छाटायला लागला. गुडघे दुखणारा माणूस शिडीच्या टोकावर चढलाय हे नदीवरून जाणाऱ्या प्रत्येक नावेला दिसत होतं.

मी एकदा त्या शिडीखाली जाऊन उभी राहिले.

"लँबर्ट, सही करून मोकळा हो."

"काय लिहिलंय त्यात ते वाचलंस का, ताई?"

"मला काय करायचंय वाचून? गावातल्या गाढवांनीसुद्धा सह्या केल्यात."

"त्यांना शोभतं. पण ते खरं नाही गं."

"खरं नसलेल्या शंभर गोष्टींना माणसं हो म्हणतात. त्याशिवाय लग्नं कशी जमतात?"

तो इतका हसला की शिडी हलायला लागली. हा त्याचा जुना धंदा. हसणाऱ्या माणसाशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी मी सोडलं नाही.

"राजेसाहेबांचा तुझ्यावर जीव आहे. एवढंसं हो म्हण त्यांना."

"माझाही आहे त्यांच्यावर. तीच तर पंचाईत आहे. त्यांना हो म्हणणारे पाचशे आहेत, ताई."

"मग तू पाचशे एकावा हो!"

"आणि खोटं बोलू त्यांच्याशी? त्यांच्याशी नाही बोलवत. वर जो बसलाय त्याच्याशी तर मुळीच नाही."

"आणि मी? मी कुठे बसलेय?"

त्याने एक चांगली फळ धरणारी फांदीच कापून टाकली.

नाताळ असाच गेला. बाराव्या दिवशी, म्हणजे सणाच्या शेवटच्या दिवशी, सकाळी आमच्या धक्क्याला नाव लागली. नावेत चार शिपाई आणि बेनेट. हा बेनेट लँबर्टचा लहानपणचा दोस्त. दोघांनी मिळून माझा मुरांबा चोरलेला आणि दोघांनी मिळून माझा मार खाल्लेला. आता तो लोकांकडून शपथा घेत फिरणारा राजाचा अधिकारी झाला होता. त्याने स्वतः अगदी सुरुवातीलाच सही केली होती, आणि तेव्हापासून तो समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता बटणाकडे बघून बोलायचा.

"उर्सुलाताई," तो माझ्या बटणाला म्हणाला, "आजची मुदत शेवटची आहे. सही झाली तर मी कागद घेऊन जातो. नाही झाली तर लँबर्टला घेऊन जातो."

"कुठे?"

"टॉवरमध्ये."

टॉवरच्या तुरुंगात गेलेला माणूस परत आलाच तर सगळाच्या सगळा येत नाही, हे आमच्या नदीकाठच्या कोंबड्यांनाही ठाऊक असतं. पण तोंडावर काही दिसू द्यायची मला सवय नाही.

"आत्ता?"

"ओहोटी लागली की, नाव तेव्हाच लंडनकडे वाहते. संध्याकाळी लागेल."

"मग जेवून घे," मी म्हणाले. "सणासुदीला उपाशी पोटी कुणाला अटक करू नये."

आणि मी तडक स्वयंपाकघरात गेले, कारण तोवर मला युक्ती सुचली होती.

बाराव्या दिवशी आमच्याकडे मोठा गोल पाव भाजतात. मध, बेदाणे, आलं, मिरी, आणि आत कुठेतरी घेवड्याचा एक वाळका दाणा. ज्याच्या तुकड्यात दाणा निघेल तो त्या दिवसाचा राजा. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत तो सांगेल ते घरातल्या सगळ्यांनी करायचं. दुसऱ्यांच्या घरी लोक दोन हुकूम हसत हसत पाळतात आणि तिसऱ्याला सोडून देतात. लँबर्टने मात्र कधी सोडलं नाही. एका वर्षी दाणा आमच्या मोतद्दाराला मिळाला आणि त्या टवाळाने लँबर्टला तबेला साफ करायला सांगितलं. हा मखमली झग्यानिशी फावडं घेऊन गेला. तेवढ्यात राजवाड्यातून जासूद आला, तर ह्याने आतूनच ओरडून सांगितलं, "मोठ्या राजांना म्हणावं थोडं थांबा, छोट्या राजांचं काम चाललंय!" जासूद थांबला. तबेला लख्ख झाला.

असा माणूस. देवळातली शपथ लोक जितकी पाळत नाहीत तितका हा खेळातला शब्द पाळायचा. म्हटलं, मग खेळातच धरते तुला.

"ग्रिझेल, दाणा माझ्या तुकड्यात यायला हवा."

ग्रिझेलने कमरेवर हात ठेवले. "बाईसाहेब, ही फसवणूक झाली."

"हो."

"आणि मला ते दिसणार नाही का?"

"तू भट्टीकडे बघत असशील."

"बघते," ती म्हणाली आणि खरोखरच पाठ करून उभी राहिली. लँबर्ट जगावा असं त्या घरात फक्त मलाच वाटत होतं असं नाही.

मी कणकेत दाणा खुपसला आणि ती जागा सापडावी म्हणून वर एक लवंग टोचली. पाहुण्याने पाव कापायचा अशी आमच्याकडची पद्धत. म्हणजे बेनेट कापणार. त्याला मी सांगणार, "मला तो लवंगेचा तुकडा दे रे, माझा दात दुखतोय." मग मी राजा होणार आणि लँबर्टला हुकूम देणार: सही कर. संपला विषय. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की दोन बेदाणे तोंडात टाकले.

दुपारी सगळे मोठ्या दालनात जमले. बदकं भाजली होती, मोहरी लावलेलं डुकराचं मांस होतं, आणि भाजलेली सफरचंदं टाकलेली गरम बिअर. बेनेटचे शिपाईसुद्धा आत येऊन शेकत बसले होते. शपथेचा कागद, दौत आणि लेखणी बाजूच्या छोट्या टेबलावर मांडून ठेवली होती, आणि लोक तिथून जाताना जरा लांबून जात होते. लँबर्ट मजेत होता. निदान तसा दिसत होता. शिपायांतल्या सगळ्यात जाड्याला तो विचारत होता, "तुम्ही नावेत मधे बसता की कडेला? मला पोहता येत नाही, म्हणून विचारतो."

ग्रिझेलने पाव आणून ठेवला. बेनेटने सुरी घेतली. मी तोंड उघडलं.

पण एक गोष्ट मी साफ विसरले होते. पहिला तुकडा देवाचा असतो. घरात कुणी तो खायचा नसतो, फाटकाशी जो पहिला भिकारी उभा असेल त्याला नेऊन द्यायचा. आणि बेनेट हा चांगल्या घरातला मुलगा. सगळा पाव त्याने नीट न्याहाळला, त्या भल्यामोठ्या पावावर एकच लवंग आहे हे पाहिलं, आणि लवंग ही किती महागाची वस्तू! देवाला सगळ्यात चांगलं ते द्यावं, एवढं वळण मीच त्याला मुरांब्याच्या वेळी चोपून लावलेलं. त्याने बरोब्बर तोच तुकडा कापला.

"हा देवाचा," तो म्हणाला. त्या दिवसात पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा उजळला होता.

ह्याला म्हणतात आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. ग्रिझेल माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे.

देवाचा तुकडा फाटकावर नेण्याचं काम घरच्या बाईचं. मी ताटली घेऊन निघाले. अंगणात आल्यावर मनात आलं, आजूबाजूला कुणी नाही, बोट घालून दाणा काढून घ्यावा आणि आत जाऊन माझ्याच तुकड्यात सापडला म्हणून सांगावं. बोट पुढे केलंही होतं. पण हात होईना. माणसांना फसवायला मला काही वाटत नाही, ती सवयीची असतात. देवाच्या ताटातलं उचलायचं, आणि तेही भावाचा जीव टांगणीला लागलेला असताना, एवढा धीर मला नव्हता.

फाटकाशी हॉब बसला होता. एका पायाचा म्हातारा. पाय फ्रान्सच्या लढाईत गेला असं तो सांगायचा. प्रत्यक्षात गवताच्या गाडीखाली गेला होता.

"जपून खा," मी म्हणाले. "आत दाणा आहे, उरलेला दात जाईल."

त्याने बोटांनी दाणा काढून उजेडात धरला. "म्हणजे मी राजा?"

"राजा."

"जेवण आहे?"

"बदक आहे."

"मग आहे मी राजा," हॉब म्हणाला आणि कुबडी शोधायला लागला.

"थांब जरा. तुला एक हुकूम द्यायचाय. साहेबांना सांगायचं, त्या टेबलावरच्या कागदावर सही करा. एवढं केलंस तर माझ्या दुसऱ्या नवऱ्याचा लोकरीचा डगला तुझा."

"काय आहे कागदावर?"

"राजेसाहेब चर्चचे प्रमुख आहेत म्हणून."

"आत्तापर्यंत कोण होतं?"

"पोप."

"तो कुठं असतो?"

"रोमला."

"मग त्याला कसं कळणार साहेबांनी सही केली ते?"

"तेच तर मी म्हणते!" मी म्हणाले. ह्या सगळ्या प्रकरणात शहाण्यासारखं बोलणारा मला भेटलेला हा पहिलाच माणूस.

आत आरडाओरडा चाललाच होता. सगळ्यांचे तुकडे खाऊन झाले होते, दाणा कुणालाच सापडला नव्हता, आणि मोतद्दाराने तो गिळला म्हणून त्याची पाठ बडवणं चालू होतं. मी हॉबला घेऊन आत गेले. त्याने दाणा उंच धरला. मग जो कल्ला झाला! असं आमच्या घरात कधीच झालं नव्हतं. लँबर्टने तर टाळी वाजवली.

"देवाच्या वाटणीला दाणा! बघ बेनेट, आज देव आणि राजा एकाच पाटावर आले. आजच्या दिवसापुरता मी दोघांचाही नोकर, आणि कुणाची तक्रार नाही." त्याने स्वतःची खुर्ची ओढून हॉबला बसवलं, सोनेरी कागदाचा मुकुट त्याच्या टकलावर ठेवला आणि गुडघा टेकून त्याला मुजरा केला. गुडघा अजिबात दुखत नव्हता.

हॉब कसला राजा झाला म्हणून सांगू! जन्मभर हेच करत आल्यासारखा. बदकाची तंगडी त्याने एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने हुकूम सोडायला लागला. जाड्या शिपायाने गाणं म्हणावं. ग्रिझेलला आजपासून राणीसाहेब म्हणावं. बेनेटने कोंबड्यासारखं आरवावं. बेनेट आरवला, आणि मला त्याची इतकी दया आली की मी दुसरीकडे बघितलं. हॉबने पेला तोंडाला लावला की सगळ्यांनी "राजा पितो!" म्हणून ओरडायचं, आणि हॉब काही पेला खाली ठेवत नव्हता. खिडकीतला उजेड पिवळा व्हायला लागला. मी खोकले.

त्याचं लक्ष नाही. मी पुन्हा खोकले.

"बाईंचा घसा बसलाय," राजा म्हणाला. "मध द्या त्यांना. हुकूम आहे."

मी मुकाट्याने मध खाल्ला आणि त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की मुकुट वाकडा झाला.

"हां, हां! आणखी एक हुकूम राहिला. साहेबांनी त्या कागदावर सही करून टाकावी. आत्ताच्या आत्ता."

गाणं थांबलं. लँबर्टने हॉबकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या मधाच्या चमच्याकडे.

"महाराज, हा हुकूम आपला स्वतःचा, की कुणी सुचवला?"

"बाईंनी. डगला देणारेत." पायाची गोष्ट सोडली तर हॉब खोटं बोलत नसे.

सगळे हसले. लँबर्टही हसला. "डगला तुम्हाला असाही मिळेल, महाराज."

"असं आहे का?" हॉबने मुकुट काढला. "मग बाईंचं ओझं बाईंनाच घेऊ दे. मला ह्यातलं काही कळत नाही, आणि बदक गार होतंय." आणि त्याने तो मुकुट उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. राजाने राज्य दुसऱ्याला द्यावं असा काही नियम नव्हता, पण देऊ नये असाही नव्हता.

लँबर्ट उठला. छोट्या टेबलापाशी जाऊन बसला. लेखणी हातात घेतली.

"ताई, आता तूच राजा. तू सांगितलंस तर करतो. पण हॉबच्या आडून नको. माझ्याकडे बघून सांग."

मी काही विरघळणाऱ्यातली बाई नाही. पोथ्यांमधल्या बाया अशा वेळी मागे फिरतात, म्हणतात, तुझ्या मनाचं कर बाळा. मला माझा भाऊ जिवंत हवा होता. मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सही कर, लँबर्ट."

"बरं," तो म्हणाला.

त्याने लेखणी शाईत बुडवली. बेनेट धावत आला आणि कागद हलू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी कडा दाबून धरल्या. लँबर्टने नावाचं पहिलं अक्षर काढलं. चांगलं ठसठशीत काढलं. माझा श्वास मोकळा झाला. ईस्टरला काय करायचं, ती नवी झाडं भिंतीकडे लावायची की विहिरीकडे, इथपर्यंत माझं मन पळालंसुद्धा.

दुसरं अक्षर येईना.

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा हात होता. शाईचा एक थेंब पडला. मग त्याने लेखणीचं टोक पुसलं आणि ती हळूच खाली ठेवली.

"नाही होत, ताई."

"हुकूम आहे माझा!"

"हो. मोडला."

ग्रिझेलने तोंडावर एप्रन दाबला. त्या घरात लँबर्टने दाण्याच्या राजाचा हुकूम मोडलेला कुणी पाहिला नव्हता. आणि मला असा संताप आला की सांगता येत नाही.

"मोडायचाच होता तर तो दुसरा शब्द मोडायचास! खोटं बोलणार नाही म्हणून देवाला दिलेला! तो काय आज संध्याकाळी नाव घेऊन येणार होता तुला न्यायला? माझाच मोडायचा होता? माझा?"

"दोन्हींतला एक मोडणार, एवढं कळत होतं," तो म्हणाला. "कुठला, ते माहीत नव्हतं. खरंच नव्हतं गं. मला वाटलं होतं, तू सांगितल्यावर होईल माझ्याच्याने. लेखणी उचलली तेव्हाही वाटत होतं."

बेनेटने कागदाच्या कडा सोडल्या. खुर्चीतून हॉब म्हणाला, तोंडात घास असतानाच, "हुकूम मोडला तर शिक्षा असते, बाई. राजाने द्यायची."

"देते ना," मी म्हणाले. "सगळे बाहेर व्हा. तूही, बेनेट. सगळे."

माणसं निघून गेली. हॉबने बदक बरोबर नेलं. दार लागलं. मी एक स्टूल पुढे ओढलं.

"इथे बस. माझ्यासमोर. घंटा होईपर्यंत एकही विनोद करायचा नाही. हीच शिक्षा."

त्याने तोंड उघडलं. काहीतरी येणार होतं, मला त्याच्या भुवईवरून कळलं. मग त्याने ते गिळलं आणि येऊन बसला.

इतक्या वर्षांत मी त्याचा नुसता चेहरा पाहिलाच नव्हता. नेहमी त्यावर काहीतरी चालू असायचं. आता ते सगळं थांबलं आणि खाली एक थकलेला, राखाडी पडलेला, पन्नाशी उलटलेला माणूस निघाला. ओठ कोरडे. खालचा ओठ हलत होता.

"मला भीती वाटते, ताई."

"कशाची?"

"कुऱ्हाडीची. आणखी कशाची?" मग घाईघाईने म्हणाला, "हा विनोद नव्हता."

"कळलं मला."

"लोकांना वाटतं मला देव दिसतो की काय. मला काही दिसत नाही. मला जगायचंय. झोपताना वाटतं, सकाळी उठून करून टाकू सही. सकाळी उठलो की होत नाही. बस, एवढंच आहे. त्याच्यात मोठं काही नाही."

मला रडू येत होतं आणि त्याला मारावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

"मला तुझा राग आलाय, लँबर्ट. मरेपर्यंत राहील."

"हो."

"दोन नवऱ्यांपैकी एकावरही मी तुझ्याइतकी माया केली नाही."

"माहीत आहे."

"माहीत असून हे करतोस?"

तो स्टुलावरून खाली सरकला आणि पूर्वी दात दुखायचा तेव्हा ठेवायचा तसं त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढा मोठा मंत्री. त्याच्या केसांत बेदाण्याचा चुरा पडला होता, तो मी वेचून काढला. मग मी त्याच्या मानेवरून हात फिरवत बसले. मान ऊबदार होती. केस विरळ झाले होते, पण मागचा भोवरा तसाच होता.

नदीपलीकडे घंटा झाली. मी ऐकली नाही असं दाखवलं. त्यानेही दाखवलं. दाराबाहेर बेनेट उभा होता, त्यालाही ऐकू आली असणारच, पण ओहोटी अर्धी सरून जाईपर्यंत त्याने दार वाजवलं नाही.